आजाऱ्यांकडे जाणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नाही, अवजारांची नाही, आणि सुरांची तर मुळीच नाही. हातभर लांब, वीतभर उंच, वर चामड्याची मूठ आणि पुढे पितळेची कडी, असा माझा अवतार. आत निळं लोकरी अस्तर आहे आणि त्यात खाचा आहेत. एका खाचेत लहानसा प्याला, एकात ताटली, एकात द्राक्षरसाची बाटली आणि उरलेल्या खाचेत पाव ठेवायची डबी. मित्रांनो, रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीला येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पाव-द्राक्षरसाचं जे प्रभुभोजन मिळतं, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी पोचवायचं, एवढंच माझं काम. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म एका शवपेटीच्या उरलेल्या फळीतून झाला. दचकू नका, लाकूड ते लाकूडच. मंडळीत एक सुतार होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. दारं, खुर्च्या, पाळणे ते करायचेच, पण मंडळीत कुणी गेलं की शवपेटीही तेच करून द्यायचे. "पाळण्यापासून पेटीपर्यंत आपलं गिऱ्हाईक पक्कं," असं म्हणून स्वतःच हसायचे. त्यांची बायको आजारी पडली तेव्हा ते हसणं बंद झालं.

तिला शेवटचं एकदा प्रभुभोजन घ्यायचं होतं. त्या वेळचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने मोठे आणि नियमाला पक्के. "प्याला वेदीवरून हलत नाही. त्यांना खुर्चीत बसवून इकडे आणा," त्यांनी सांगितलं. जिला उशीवरून मान उचलवत नव्हती, ती खुर्चीत काय बसणार? मिस्त्री पुन्हा विचारायला गेले आणि पुन्हा तेच उत्तर घेऊन आले. बायको तशीच गेली. तिची शवपेटी त्यांनी एकट्याने केली, कुणाला हात लावू दिला नाही. त्यातली देवदाराची एक फळी उरली. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि बरेच दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

ते पाळक निवृत्त झाले, नवे आले. मग एका सकाळी मिस्त्रींनी ती फळी खाली घेतली, तासली, कापली, सांधे बसवले, आणि मला काखोटीला मारून थेट पाळकांच्या दारात उभे राहिले.

"साहेब, एक वस्तू केलीय. घ्याल का?"

"काय आहे हे?"

"चर्च आहे. लहान आहे, पण उचलून नेता येतं."

पाळकांनी मला उघडलं. अस्तरावरून बोट फिरवलं. "कापड छान आहे. कुठून आणलंत?"

"बायकोच्या कोटाचं आहे. तिला आता थंडी वाजत नाही," मिस्त्री म्हणाले.

 पाळकांनी मला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो.

माझे हे पाळक उंच, किडकिडीत आणि बोलण्यात अगदी बेताचे होते. खोटं कशाला बोलू, त्यांची प्रवचनं रटाळ असत. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत मागच्या बाकांवरचे निम्मे लोक पेंगायचे, आणि तिसरा मुद्दा कधीकधी साहेब स्वतःच विसरायचे. पण सोमवार उजाडला की मला उचलून निघायचे ते थेट शनिवारपर्यंत. आज ह्या जिन्यावर, उद्या त्या बोळात. चपलांचे तळ झिजून पार कागद व्हायचे. पोरांनी त्यांचं नाव 'पायपिटे' ठेवलं. ते नाव इतकं रुळलं की वस्तीत नवीन आलेला एक दुकानदार भर रस्त्यात "नमस्कार, पायपिटेसाहेब" म्हणाला. साहेबांनी टोपी उचलून नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. मीही त्यांना पायपिटेसाहेबच म्हणणार आहे.

आम्ही पाहिलेल्या खोल्या आठवल्या की अजून माझ्या अस्तराला औषधांचा वास येतो. एका खोलीत एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या. जन्मभर मुलांकडून कविता पाठ करून घेणाऱ्या या बाईंना आता स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. साहेब दारात दिसले की त्या विचारायच्या, "मीटर बघायला आलात का?" साहेब म्हणायचे, "हो बाई, बघतो आणि जातो." मग शेजारी बसून हळू आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू करायचे. दुसऱ्या ओळीपासून बाईंचे ओठ आपोआप हलायला लागायचे आणि एकही शब्द चुकायचा नाही. प्रार्थना संपली की पुन्हा मीटर.

दुसऱ्या एका घरी साहेबांनी मला उघडलंच नाही. तिथल्या आजाऱ्याच्या पायांची नखं वाढून वळली होती आणि ती कापायला घरात कुणी नव्हतं. ते काम होईतो साहेबांना उठायची वेळ झाली. "आज एवढंच," असं म्हणून त्यांनी हात धुतले. मला तेव्हा जरा रागच आला होता. आणलं कशाला मग मला, असं वाटलं. पुढे कळत गेलं.

माझ्या या कोपऱ्याचा टवका उडालेला दिसतो ना? ती एका रखवालदाराची कृपा. अपघातात त्याचा पाय गेला होता, पाठोपाठ नोकरी गेली आणि बायकोही माहेरी निघून गेली. उरली ती दारूची बाटली. साहेबांनी मला त्याच्या पलंगावर ठेवलं, तर त्याने मला उचलून जिन्यावरून खाली भिरकावलं. "तुमच्या देवाला सांगा, पाय दे परत!" तो ओरडला. प्याला पायऱ्यांवरून टणटणत खाली गेला. साहेबांनी सगळं वेचलं, टोपी घातली आणि आम्ही घरी आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच जिन्यावर!

"परत आलात?" रखवालदार म्हणाला.

"पेटी उघडत नाही. नुसता बसतो."

"बसा. खुर्ची मोडकी आहे."

"मी तरी कुठे धड आहे," साहेब म्हणाले आणि बसले.

असे ते कितीतरी वेळा जाऊन बसले. कधी तो बोलायचा, कधी भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग एके दिवशी, भिंतीकडेच तोंड असताना, तो म्हणाला, "उघडा ती." साहेबांनी माझी कडी काढली.

मित्रांनो, साहेब कुणी मोठे साधुसंत होते असं समजू नका. त्यांनाही कंटाळा यायचा. पाय सुजायचे, चिडचिड व्हायची. काही सकाळी ते दारातच उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज नाही गेलं तर काय बिघडणार आहे?" त्यावर आतून त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, म्हणायच्या, "काही नाही बिघडत. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणं एक दिवस बंद राहील." साहेब हसायचे आणि माझी मूठ धरायचे. मूठ हातात आली की पाय निघायचे. मी हे रोज पाहत होते. पाळकीणबाई असं बोलायच्या खरं, पण संध्याकाळी माझा प्याला त्याच घासून, पुसून, उन्हाची तिरीप येते त्या खिडकीत वाळत ठेवायच्या.

एकदा तो प्याला खिडकीतच राहिला. आम्ही पोचलो एका बसचालकाच्या घरी. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता. मिस्त्रीही तिथे होते, त्याच्या पलंगाला बाजूची फळी ठोकत. साहेबांनी मला उघडलं, पाहतात तर प्याल्याची खाच रिकामी. मी शरमेने अर्धी झाले. साहेबांनी कपाळाला हात लावला, मग चालकाच्या बायकोला म्हणाले, "ताई, घरात एखादा पेला असेल?"

"हा औषधाचा आहे, साहेब. चालेल?"

"न चालायला काय झालं? प्रभू त्या रात्री जेवायला बसले तेव्हा त्यांनी कुठे पेटी आणली होती? कुणाच्या तरी घरचाच प्याला उचलला की!"

त्या स्टीलच्या पेल्यातून सगळ्यांनी घेतलं. बाहेर पडल्यावर मिस्त्री रुसल्याचं सोंग करून म्हणाले, "पेल्याने भागतं, तर मग ही पेटी मी केली तरी कशाला?"

"माझ्यासाठी, मिस्त्री. त्यांच्यासाठी नाही. ही हातात असली की मला घरी बसवत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

वर्षं गेली. साहेबांचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, पण फेऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी ते स्वतःच अंथरुणावर पडले. जो माणूस जन्मभर सगळ्यांच्या उशाशी बसला, त्याच्या उशाशी यायला त्या वेळी दुसरा पाळक नव्हता. नव्याची नेमणूक व्हायची होती. मग साहेबांनी पडल्यापडल्याच मला उघडायला लावलं. पाळकीणबाईंनी त्यांचं डोकं उचलून धरलं, मिस्त्रींनी ताटली धरली. साहेबांनी पुटपुटत पावावर आशीर्वाद मागितला, तो मोडला, आणि पहिला तुकडा मिस्त्रींना दिला.

"मिस्त्री, तुमच्या वेळी मी नसेन."

"असं बोलू नका, साहेब."

"ऐका तर. मी नसलो तरी कुणीतरी येईल. तुम्हाला तसं ठेवणार नाही. तुमच्या बायकोच्या बाबतीत झालं तसं तुमच्या बाबतीत होणार नाही."

मिस्त्रींनी मान हलवली.  मी त्या दोघांच्या मध्ये उघडी होते. तो शब्द साहेबांनी दिला होता, पण पाळायचा मला होता, असंच मी तेव्हा धरून चालले.

साहेब गेले. सगळी वस्ती रडली. आणि मग मंडळीच्या मनात माझ्याविषयी प्रेम दाटून आलं. मित्रांनो, माझा घात या प्रेमाने केला. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची बैठक बसली. मंडळीतले मोठे पंच म्हणजे एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, मनाने अतिशय चांगले गृहस्थ. ते उठून उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "साहेबांच्या हाताचा स्पर्श झालेली ही पेटी आता कुणाच्याही हातात द्यायची नाही. तिला काचेच्या कपाटात ठेवू. पिढ्यान्‌पिढ्या लोक बघतील." सगळ्यांनी माना डोलावल्या.

कपाट करायला कोणाला सांगितलं असेल? मिस्त्रींनाच. मिस्त्रींनी माप घेतलं, मग पेन्सिल कानामागे खोचून जरा घुटमळले.

"पण मग आजाऱ्यांकडे काय न्यायचं?"

"नवे पाळक येऊ देत, मग बघू," मोठे पंच म्हणाले.

मिस्त्रींनी कपाट केलं, आणि काय सुंदर केलं! सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडू नये. त्यांना त्याचा अभिमानही होता, का नसावा? पितळेचं कुलूप त्यांनीच बसवलं, चावी फिरवून पाहिली आणि मोठ्या पंचांच्या हातात दिली. पंचांनी ती आपल्या जुडग्यात अडकवली. काचेवर 'आमच्या प्रिय पाळकसाहेबांच्या स्मरणार्थ' अशी पाटी लागली. माझा मान वाढला आणि माझं काम गेलं.

नवे पाळक आले ते तरुण, हुशार आणि गोड गळ्याचे. त्यांच्या प्रवचनाला कुणी पेंगलं नाही. रिकामे बाक भरले, भिंतीला नवा रंग लागला, तरुणांची गाणी सुरू झाली. मी काचेतून पाहत होते आणि मला ते आवडतही होतं. आजाऱ्यांसाठीही त्यांनी सोय केली. वर्षातून एकदा 'आजाऱ्यांचा रविवार'. त्या दिवशी गाडी पाठवून सगळ्यांना चर्चमध्ये आणायचं, पुढच्या बाकांवर बसवायचं, फुलं द्यायची. ज्यांना उठता येत होतं ते आले. ज्यांना येत नव्हतं, ते त्या रविवारीही घरीच होते. बाकीच्या दिवसांत पाळक फोनवरून प्रार्थना करत. मन लावून करत, मी ऐकलंय. माझं कपाट त्यांच्या खोलीतच होतं.

मिस्त्री दर रविवारी उपासना झाली की माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. बाहीने काच पुसायचे. "काय, बरी आहेस ना?" असं कुणी जवळ नसताना विचारायचे. हळूहळू त्यांचे पाय ओढू लागले. काठी आली. मग ते लेकीच्या खांद्यावर हात ठेवून येऊ लागले. मग एका रविवारी लेक एकटीच आली.

ही त्यांची एकुलती एक मुलगी. घरी शिवणयंत्रावर कपडे शिवायची, आणि बापाचं सगळं तीच करायची. ती पाळकांच्या खोलीत आली तेव्हा तिच्या ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

"साहेब, बाबा पडून आहेत. डावी बाजू गेलीय. प्रभुभोजन घ्यायचं म्हणतात. घरी याल का?"

"म्हणजे काय, ताई! याच आठवड्यात येतो."

ते मनापासून म्हणाले होते. पण मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता. गायकांचा सराव, पाहुण्यांची सोय, मंडप, एक ना दोन. संध्याकाळी ते खुर्चीत बसत आणि स्वतःशीच म्हणत, "अरे, मिस्त्रींकडे जायचं राहिलं." मग फोन वाजे. मी आत तडफडत होते. पेटीला ओरडता येत नाही हे मला तोवर कधी टोचलं नव्हतं.

लेक पुन्हा आली. या वेळी ती बसली नाही.

"साहेब, बाबा खालावलेत. डॉक्टर म्हणाले, आता सांगता येत नाही. दाराचा आवाज झाला की विचारतात, 'साहेब आले का?' "

पाळकांचा चेहरा उतरला. ते ताडकन उठले. "चला, आत्ता येतो. आणि ताई, आपण ही पेटीच नेऊ. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली! यातून दिलं तर त्यांना किती बरं वाटेल." त्यांनी कपाटाची मूठ ओढली. कपाट हललं नाही. मिस्त्रींचं कुलूप होतं ते, हलेल कसं?

त्यांनी मोठ्या पंचांना फोन लावला. पंच भाचीच्या लग्नाला परगावी गेले होते, आणि चावी त्यांच्या जुडग्यात, त्यांच्याबरोबर. परवा सकाळी येणार होते.

"साहेब, पेटी नसली तरी..." लेक म्हणाली.

"नाही ताई. त्यांचा तेवढा मान राखायलाच हवा. परवा सकाळी चावी आली की पहिलं काम हेच. बाबांना सांगा, पेटी घेऊन येतोय."

लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण पाळकांपुढे कुठे उलट बोलायचं, म्हणून ती "बरं" म्हणाली आणि गेली. खिडकीशेजारच्या मेजावर पाण्याचा तांब्या होता. त्यावर एक स्टीलचा पेला उपडा घातलेला होता. बाजूला सकाळच्या न्याहारीतला पाव होता. मला सगळं दिसत होतं. घ्या तो पेला, घ्या तो पाव आणि पळा, असं मी आतल्या आत आक्रोश करत होते. पाळकांनी दिवा बंद केला आणि ते गायकांच्या सरावाला गेले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

चावी ठरल्याप्रमाणे आली. मोठे पंच प्रवासाच्या कपड्यांतच धावत आले, ढसाढसा रडत त्यांनी कुलूप उघडलं आणि मला बाहेर काढलं. किती वर्षांनी मला माणसाचा हात लागला! पण तो मला आजाऱ्याकडे नेत नव्हता. त्यांनी मला चर्चमध्ये नेऊन मिस्त्रींच्या शवपेटीवर ठेवलं. ती पेटी दुकानातून आणलेली होती. कडेला खिळे वर आलेले, एका बाजूला फट. मिस्त्रींनी असं काम कधी दारातून बाहेर जाऊ दिलं नसतं. त्या फटीजवळ मी झाकण उघडून बसले होते. आत प्याला काळा पडलेला, बाटली कोरडी. माझ्या खाली तो माणूस होता ज्याने मला केलं, आणि मी त्याच्या काही उपयोगाला आले नव्हते.

पाळकांनी फार सुंदर प्रवचन केलं. एका सुताराने केलेली पेटी, तिने घडवलेली सेवा, आणि आज तीच पेटी त्याच्या शेवटच्या प्रवासात त्याच्या सोबत. एकही डोळा कोरडा राहिला नाही. फक्त लेक रडत नव्हती. ती पुढच्या बाकावर बसून शवपेटीच्या त्या फटीकडे पाहत होती.

दफन झालं. माती पडली. लोक हळूहळू पांगले. पाळक मला हातात घेऊन लेकीजवळ आले. "ताई, फार वाईट वाटतं. एका दिवसाने चुकलं. पेटी नेता आली असती तर..."

"साहेब, बाबांनी पेटी मागितली नव्हती," लेक म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मी घरी जाऊन सांगितलं, परवा पेटी घेऊन येतायत. तर म्हणाले, 'पेटी कशाला? आपल्याकडे पेले आहेत की. साहेब येतायत का ते सांग.' मी म्हटलं, परवा. मग म्हणाले, 'दार उघडं ठेव, बाई. लवकर आले तर त्यांना ठोठावायला नको.' म्हणून उघडं ठेवलं होतं. ते जाईपर्यंत उघडंच होतं."

 इतकं छान बोलणारा माणूस, पण कबरीच्या ओल्या मातीत बूट रुतवून नुसता उभा राहिला. मोठे पंच जुडगं वाजवत पुढे आले आणि हळूच म्हणाले, "द्या साहेब, ठेवून देतो कपाटात." पाळकांनी मूठ सोडली नाही. पंचांनी पुन्हा हात पुढे केला. "नको," पाळक म्हणाले, "असू दे माझ्याकडे."

त्या संध्याकाळी त्यांनी माझा प्याला स्वतः घासला. काळेपणा जाता जाईना. घासता घासता ते रडले. मी आजवर कितीतरी माणसांना रडताना पाहिलंय, पण पाळकाला एकट्याने रडताना पहिल्यांदाच पाहिलं. पायपिटेसाहेब रडायचे ते आजाऱ्याच्या उशाशी, त्याच्याबरोबर.

आता मी पुन्हा फिरते. काचेचं कपाट रिकामं आहे. पाटी मात्र तशीच आहे, ती काढायचा धीर कुणाला होत नाही. नव्या पाळकांना अजून आजाऱ्याजवळ बसता येत नाही नीट. फार बोलतात. जिन्यावर दम लागतो. पण रोज निघतात, हे मी सांगू शकते. बसचालक कधीच गेला. त्याची बायको आता स्वतः अंथरुणावर आहे, तिच्याकडे आम्ही जातो. औषधाचा तो पेला तिने अजून जपून ठेवलाय.

वाटेत मिस्त्रींचं घर लागतं. लेक चर्चमध्ये येत नाही. दार बंद असतं आणि आतून शिवणयंत्राचा आवाज येत असतो. पाळक दर वेळी ठोठावतात. यंत्र थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. दार उघडत नाही. पाळक मला पायरीवर ठेवतात, शेजारी थोडा वेळ बसतात आणि उठतात. परवा पहिल्यांदा दार किलकिलं झालं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पेटी घेऊन आलात?"

"ती पुढे न्यायचीय, ताई. इथे मी नुसता आलोय."

 तिने दार लोटून घेतलं. आम्ही पायरीवर बसून राहिलो. आतून कडी लागल्याचा आवाज मात्र आला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपल्यानेच माझं वाटोळं झालं. तुमच्या ओळखीचं कुणी अंथरुणावर पडून दाराकडे कान लावून असेल, तर त्याच्याकडे काय न्यावं, कसं न्यावं, चावी कुणाकडे आहे, हे विचारत बसू नका. पेला त्यांच्या घरी असतोच. तुम्ही आज जा.